कुंपणाच्या आत

पाऊस जोराचा लागला की आमची आत्ती मागचं दार उघडून ठेवायची. अख्खी गल्ली दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि आमच्याकडे पाणी थेट स्वयंपाकघरात. आई कावायची, बाबा मुकाट्यानं पोती अंथरायचे, आणि आत्ती उंबऱ्याशी बसून बाहेर बघत राहायची. "लाव की गं दार," म्हटलं तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे वाईच. कोण भिजत असंल." आम्ही दोघं भावंडं फिदीफिदी हसायचो. कोण म्हणजे कोण, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकदा माणसाला वेडं ठरवलं की त्याच्या बोलण्याला काही अर्थ असेल हे घरचेही विसरतात.

आत्ती म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोघंही मूळची चंदगडकडच्या एका खेड्यातली. बाबांना कोल्हापुरात नोकरी लागली आणि त्यांनी बहिणीलाही बरोबर आणलं. आमच्या गल्लीत कॅथलिक घर एकटं आमचंच. लोक अजून विचारतात, "तुमी ख्रिश्चन, मग साडी कशी नेसता?" मी उलट विचारते, "मग काय नेसू, पडदा?" माझं तोंड असं आहे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, वर्गात खडू फेकून मारायची, आता फेकायला कुणी नाही म्हणून शब्द फेकते. लग्न केलं नाही. का, ते मी कुणाला सांगत बसत नाही.

आत्ती कशी होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला ती नुसती आजारी बाई वाटेल.

दर शनिवारी चर्चमधून वेदीवरचे कपडे धुवायला आमच्याकडे यायचे. वेताची टोपली, वर पांढरा रुमाल. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी ज्या कापडावर प्रभूची भाकर आणि प्याला ठेवतात ते कापड धुताना पहिलं पाणी मोरीत सोडायचं नसतं. त्यात एखादा कण राहिला असेल तर तो गटारात जायला नको. ते पाणी मातीत घालायचं. आत्ती ते पितळी पातेल्यात काढायची आणि परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी हळूच ओतायची. तो कढीपत्ता असा माजला होता की गल्लीतली प्रत्येक फोडणी त्याचीच. शेजारच्या काकू तोडायला आल्या की आत्ती म्हणायची, "घ्या की हवा तेवढा, देवाचं पाणी प्यालंय झाड." मग खळ, मग इस्त्री. शनिवारी दुपारी आमच्या घराला तांदळाच्या पेजेचा आणि गरम कापडाचा वास असायचा. अजून कुठं इस्त्रीवाल्याच्या गाड्याशेजारून गेले की माझी पावलं हळू होतात.

ह्या शेजारच्या काकूंचं आणि आत्तीचं फार गूळपीठ. काकूंचा रविवार जोतिबाचा. सकाळच्या गाडीनं डोंगरावर जायच्या, उतरल्या की घरी जायच्या आधी आमच्या दारात. मुठीत खोबऱ्याचा तुकडा आणि गुलाल. आत्तीच्या कपाळाला बोट लावायच्या. आत्ती तशीच गुलाबी कपाळानं संध्याकाळच्या मिस्सेला. चर्चमधल्या दोन बायकांनी एकदा नाकं मुरडली, तर त्यांना आत्ती म्हणाली, "शेजारणीनं पिरमानं लावलंय. पुसून येऊ व्हय?"

आजार तिला विशीत लागला. लग्न ठरलं होतं, आणि तिच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. मग जे सगळ्यांकडे होतं ते आमच्याकडेही झालं. नवेने म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, काकूंनी एका बाईकडे नेऊन उतारा केला, एका पावण्यानं तर भाजलेलं वांगं उशाशी ठेवायला सांगितलं. शेवटी बाबांनी मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि आत्ती बरीचशी परत आली. पुरती कधीच नाही. वर्षातले काही महिने चांगले, काही महिने भिंतीकडे तोंड. बाबांनी तिला कुठल्या आश्रमात घालायचं नाव काढलं नाही. कुणी सुचवलंच तर म्हणायचे, "तिला ठेवायला जागा हाय की माझ्या घरात," आणि विषय बंद.

आई आधीच गेली होती, बाबाही गेल्यावर ती माझ्याकडे आली, म्हणजे आली कुठं, होती तिथंच होती. मीच वडिलांच्या जागी आले.

तीन वर्षांपूर्वी तिनं भिंतीकडे तोंड केलं ते कित्येक महिने परत वळवलंच नाही. सत्तरी ओलांडलेली, गोळ्यांनी हात थरथरायचे, वेदीचे कपडे कधीच बंद झाले होते. ताट ठेवावं तसं उचलावं लागायचं. विचारलं की एकच, "मला पुरं झालं आता." रोज. चहा देताना, वेणी घालताना, केव्हाही. मी हसण्यावारी न्यायची, चिडायची, समजावायची. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची तेही खरं आहे, त्यात लपवायचं काय.

माझा धाकटा भाऊ हॉलंडला असतो. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल. मला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून आमचं बोलणं कायम मोठ्या आवाजात. एका रविवारी मी आत्तीचं रडगाणं गायले, तर तो म्हणाला, "आक्का, रागावू नकोस. इकडे कायदा आहे. मनाचा आजार बराच होत नसेल, सहनच होत नसेल, तर माणूस डॉक्टरांकडे मरण मागू शकतो. पुष्कळ तपासतात, पण देतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्याची मुलगी तशी गेली. मी निरोपाला गेलो होतो. आई-वडिलांच्या मिठीत गेली गं. आपण आत्तीला कशासाठी ताणतोय, असं मनात येतं."

माझा भाऊ दुष्ट नाही. आत्तीच्या मांडीवर वाढलाय तो. पण माझं टाळकं सणकलं. "तिथलं लोणी आणि चीज पाठव, तिथले कायदे नकोत," असं म्हणून मी फोन ठेवला. वळून बघते तर आत्ती उठून बसलेली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठलेली.

"मला तिकडं घिऊन चला की," ती म्हणाली.

त्यानंतर रोज तेच. पासपोर्ट कुठं काढतात, थंडी लई असती का, स्वेटर लागंल का. मी नाही म्हटलं की विचारायची, "का न्हाय?" पाप आहे, हे लहानपणापासून पाठ. पण तिच्या तोंडाकडे बघून ते पाठांतर तोंडातून निघेना.

मी चर्चमध्ये गेले. आमचे फादर तरुण, वसईकडचे, त्यांचं मराठी ऐकून काकू म्हणतात, "पावणं गोड बोलत्यात, पर कळत न्हाय." मी सगळं सांगितलं. म्हटलं, "फादर, आता तुम्ही म्हणणार आयुष्य देवाचं आहे. ठीक. पण दुपारी भरलेलं ताट परत आणणारी मी आहे."

त्यांनी वाद घातला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "टीचर, घरी आलेला पाहुणा निघतो म्हणाला तर आपण दारापर्यंत जातो. त्याला ढकलत नाही आणि हात धरून ओढूनही ठेवत नाही. चर्चचं म्हणणं एवढंच आहे. आत्ती अजून निघालेल्या नाहीत. त्यांना इथं राहवत नाहीये, ते वेगळं."

"मग राहवेल असं काय करू?"

"ते मलाही माहीत नाही. पण एकट्या तुम्ही करताय, हे बरोबर नाही. एकटं सोडू नका असं आम्ही सांगतो, आणि तुम्हालाच एकटं सोडलंय." रविवारी दुपारी घरी येतो म्हणाले.

रविवारी फादर आले. आत्तीच्या खाटेशी बसले, विचारपूस केली, आणि खिशातून ती छोटी रुपेरी डबी काढली.

आता ह्या डबीचं सांगायला पाहिजे. तिच्यात आजाऱ्यांना लावायचं आशीर्वादाचं तेल असतं. चर्च कधीपासून सांगतंय की हे तेल कुठल्याही मोठ्या आजारात लावावं, शरीराच्या आणि मनाच्याही. पण आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव 'शेवटचं तेल'. आजीला लावलं, ती त्याच दिवशी गेली. बाबांना लावलं, ते तासाभरात गेले. आमच्या घरातच काय, गल्लीतही माहीत होतं की फादर डबी घेऊन आले की संपलं.

आत्तीनं डबी बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "थांबा," ती म्हणाली. उठली, तोंड धुतलं, ट्रंकेतली मोतिया रंगाची ठेवणीतली साडी नेसली, मला वेणी घालायला लावली. मग उताणी झोपली, हातात जपमाळ गुंडाळली, आणि माझा गाल कुरवाळत म्हणाली, "चर्चचीबी परवानगी काढलीस व्हय? लई केलंस बाळ माझ्यासाठी."

मी तिचा पदर नीट केला. फादरना ह्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी प्रार्थना सुरू केली, कपाळाला तेल, तळव्यांना तेल. तेवढ्यात काकू गुलाल घेऊन दारात. डबी बघितली, मटकन बसल्या, आणि दोन मिनिटांत फोनवर फोन. गल्लीतल्या बायका चपला काढून ओट्यावर. एकीनं हार आणला. एक आजोबा मला बाजूला घेऊन विचारायला लागले, "तुमच्यात मातीला किती वाजता नेत्यात?" मी म्हटलं, "आजोबा, ती अजून बघतीया तुमच्याकडं."

आत्ती डोळे मिटून वाट बघत होती. बराच वेळ गेला. मग तिनं एक डोळा उघडला.

"अजून कसं न्हाय?"

"काय, आत्ती?" फादर म्हणाले.

"मरण. तेल लावलंसा न्हवं?"

तेव्हा फादरना उमगलं. "आत्ती, हे तेल पाठवायचं नाही. हे राखायचं तेल आहे. बरं वाटावं म्हणून."

आत्ती उठून बसली. अशी चिडली, अशी चिडली, की ओट्यावरच्या बायका मागं सरकल्या. "मग साडी कशापायी नेसली मी? आँ? सगळी मिळून चेष्टा लावलीया व्हय म्हातारीची?" आणि मग हुंदके. फादर तिच्या पायाशी जमिनीवर बसले. काकूंनी सगळ्यांना घालवलं, हारासकट. स्वतः मात्र दाराला टेकून तिथंच राहिल्या.

रडणं ओसरल्यावर आत्तीनं फादरना विचारलं, "एक सांगा. तिकडं हॉलंडात, कायद्यानं मेल्यालं माणूस कुठं पुरत्यात? कुंपणाच्या आत का भाईर?"

आम्हाला काही समजलं नाही. "कुणाला पुरलं बाहेर?" मी विचारलं.

"माझ्या भणीला."

आत्तीला एक मोठी बहीण होती, ती तापानं गेली, एवढंच आम्हाला माहीत. खरं म्हणजे ती विहिरीत गेली होती, हे आत्तीनं त्या दिवशी सांगितलं. तिच्याही कानात कुणी बोलायचं. आत्ती तेव्हा लहान. त्या काळी असं मरण घेतलेल्याला चर्चच्या जागेत पुरत नसत, मिस्सा नाही, घंटा नाही. चंदगडचा तो पाऊस, कोसळतोय नुसता, आणि तिला नेऊन स्मशानाच्या कुंपणाबाहेर एका काजूच्या झाडाखाली पुरली. खड्ड्यात पाणी भरलेलं. आमच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सगळ्यांना बजावलं, कुठं बोलायचं नाही. बाबा बोलले नाहीत. आत्तीही बोलली नाही.

"तीच बोलती की माझ्या कानात," आत्ती म्हणाली. "लगीन ठरलं तवापासनं. भाईर लई पाऊस हाय, मला आत घे, म्हणती. मी दार उघडती, तुमी लावता."

काकू दारात डोळ्याला पदर लावून उभ्या.

"मला कटाळा आलाय ऐकून," आत्ती पुढं म्हणाली. "पर मी बी विहिरीत गेली, तर मला बी भाईरच टाकशीला. म्हणून म्हटलं, कायद्यानं मरावं. कायद्यानं मेल्यावर आत घेत असतील."

म्हणजे हे मागणं होतं तिचं. आम्ही, मी इकडे आणि भाऊ तिकडे, मरण द्यावं की न द्यावं ह्याचा खल करत होतो, आणि तिला पुरायच्या जागेचं विचारायचं होतं.

फादर म्हणाले, "आत्ती, तेव्हा आमचं चुकलं. आता असं करत नाहीत. ज्याचं मन आजारी होतं त्याच्यासाठी मिस्सा होते, घंटाही वाजते. तुमची बहीण आजारी होती. देवाला ते तेव्हाही माहीत होतं, माणसांना नव्हतं."

"मग जाऊन तिला सांगा की," आत्ती म्हणाली. "मला काय सांगतासा?"

आणि फादर म्हणाले, "जाऊ."

पावसाळा सरल्यावर भाड्याची गाडी करून आम्ही निघालो. आत्ती, फादर, मी, आणि 'मी बी येणार' म्हणून पुढच्या सीटवर आधीच बसलेल्या काकू. खेडं मी लहानपणी एकदाच बघितलेलं. चर्चमागचं स्मशान उतारावर होतं. आत्ती काठी टेकत पुढं, आम्ही मागं. ती काजूचं झाड शोधत होती, आणि सापडेना. सापडेना, कारण ती कुंपणाबाहेर शोधत होती.

चर्चची राखण करणारे एक आजोबा आले. झाड म्हटल्यावर त्यांनी हात केला. आत, बऱ्याच आत, फांद्या जमिनीला टेकलेलं एक म्हातारं काजूचं झाड. "जुनं कुंपण पावसात पडलं वो," ते म्हणाले. "आन् जागाबी पुरंना झाल्ती. म्हणून नवं कुंपण पार तिकडं वड्यापातूर नेलं."

कुणी माफी दिली नव्हती, कुणी ठराव केला नव्हता. जागा पुरेना म्हणून कुंपण सरकलं होतं, एवढंच. झाडाच्या दोन्ही अंगाला आता कबरी होत्या, क्रूस होते, मेणबत्त्यांचे ठिपके होते. मधली तेवढी जागा मोकळी, गवताची.

आत्ती तिथं खाली बसली. गवतावर हात फिरवला. "आत हाईस की गं," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाय." फादरनी पूर्ण प्रार्थना म्हटली, जशी कुणाच्याही दफनाला म्हणतात तशी, पाणी शिंपडलं. काकूंनी कमरेच्या पिशवीतून जोतिबाचा गुलाल काढला, फादरांकडे बघितलं, फादरनी मान हलवली, आणि चिमूटभर गुलाल त्या गवतावर पडला. परत येताना बसस्टँडजवळ आत्तीनं भजी मागितली आणि दोन प्लेटा खाल्ल्या.

आता कुणाला वाटेल की आवाज थांबला असेल. कसला थांबतोय. गोळ्या चालू राहिल्या, मिरजेच्या डॉक्टरांनी एक बदलली, वाईट दिवस होतेच. मी विचारलं, "अजून बोलती का?" तर म्हणाली, "बोलती की. पर पावसाचं काढत न्हाय आता." फादरनी चर्चमधल्या बायकांच्या पाळ्या लावल्या, त्या दुपारी येऊन बसायच्या, त्यात त्या नाकं मुरडणाऱ्या दोघीही. मला दुपारची झोप मिळायला लागली. 'पुरं झालं' हे आत्ती अधूनमधून म्हणायची, पण पासपोर्टचं नाव काढलं नाही. दोन पावसाळे गेले. दार तिनं उघडलं नाही. मीच एकदा उघडलं, तर ओरडली, "लाव की, घर भिजतंय."

यंदा तिची छाती भरली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नळी घालून यंत्रावर ठेवू का. म्हणाले, वय आणि अंगातली ताकद बघता ती यंत्रावरून परत उतरेल असं वाटत नाही. भाऊ हॉलंडहून धावत आला होता. मी म्हटलं, "यंत्र नको. धाप कमी होईल, दुखणार नाही, तेवढं बघा." भाऊ म्हणाला, "आक्का, मग तेव्हा का एवढी भांडलीस?"

"तेव्हा आपण तिला घालवत होतो," मी म्हटलं. "आता ती निघालीये."

आत्ती शुद्धीवर होती. त्याचा हात धरून म्हणाली, "मला न्यायला आलास व्हय? उशीर केलास बाबा. आता मी न्हाय येत." तो तिच्या उशाशी डोकं ठेवून लहानपणी रडायचा तसा रडला. तिनं त्याचे केस विंचरले बोटांनी.

दुपारी फादर आले. डबी काढली. आत्तीनं डबीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"ह्ये राखायचं का धाडायचं?"

फादर घुटमळले. "देव ठरवेल, आत्ती."

"धाडायचं म्हणा की," ती म्हणाली. "आता कशापायी भ्यायचं."

तिला आम्ही खेड्यावर नेलं. काजूच्या झाडाखाली बहिणीच्या शेजारची मोकळी जागा तिनंच त्या दिवशी हातानं मोजून ठेवली होती. माती ओढताना पाऊस आला, चंदगडचा, कोसळणारा. काकूंनी छत्री उघडली, पण ती कुणावर धरावी ते त्यांना समजेना, आणि आम्ही सगळेच भिजत उभे राहिलो.